क्षयरुग्णाचे ताट आणि आपले शेत : चेन्नईने दिलेले धडे

रुग्णालयातील जेवण म्हणजे बेचव, पथ्याचे आणि नाइलाजाने गिळायचे अन्न, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. डॉक्टरांनी औषध द्यावे आणि स्वयंपाकघराने पोट भरावे, अशी कामाची वाटणीही आपण मनोमन करून टाकलेली असते. काही आजारांत मात्र ही वाटणी टिकत नाही. ताटात काय, किती आणि कोणत्या वेगाने वाढले जाते यावर रुग्ण वाचतो की दगावतो, हेही अवलंबून असते. क्षयरोग हा असा आजार आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण एकट्या भारतात आहेत आणि त्यांतील अनेक जण शेतमजूर व अल्पभूधारक कुटुंबांतील आहेत. त्यामुळे क्षयरुग्णाच्या आहाराचा प्रश्न आरोग्य खात्याइतकाच कृषी विस्तार यंत्रणेचाही आहे.

या विषयात चेन्नई शहराचे स्थान वेगळे आहे. क्षयरोगाच्या उपचारात आहाराला दुय्यम स्थान मिळाले ते येथील एका संशोधनानंतर. आणि आहाराला त्याचे योग्य स्थान परत मिळवून देण्याच्या कामातही याच शहरातील संस्थांचा वाटा मोठा आहे. हा प्रवास समजून घेतला, तर आपल्या शेतातील डाळ, भुईमूग आणि बाजरी रुग्णाच्या ताटापर्यंत कशी पोहोचली पाहिजे, हेही स्पष्ट होते.

मद्रासचा ऐतिहासिक अभ्यास

प्रभावी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी क्षयरोगावर विश्रांती, स्वच्छ हवा आणि दूध, अंडी, लोणी यांनी युक्त असा सकस आहार हेच प्रमुख उपचार मानले जात. त्यासाठी गावाबाहेर आरोग्यधामे उभारली गेली. आपल्याकडे मिरजेजवळचे वानलेसवाडी आणि मद्रासजवळचे तांबरम ही त्याची परिचित उदाहरणे. परंतु देशातील रुग्णांची संख्या आणि आरोग्यधामांतील खाटांची संख्या यांचा मेळ कधीच बसण्यासारखा नव्हता. खाट मिळेपर्यंत असंख्य रुग्ण घरीच प्राण सोडत.

या पार्श्वभूमीवर १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून नावारूपास आले. केंद्रापुढील पहिला प्रश्न सरळ होता : आयसोनियाझिड आणि पास ही औषधे नियमित दिली, तर गरीब वस्तीतील रुग्ण स्वतःच्या घरी राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो का?

रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामातील विश्रांती व भरपूर, समतोल आहार मिळाला. दुसरा गट आपल्या दाटीवाटीच्या घरात, नेहमीच्या अपुऱ्या जेवणावर राहिला. औषधे दोघांनाही सारखीच होती. वर्षअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के, तर घरी राहिलेल्या ८६ टक्के रुग्णांचा रोग शांत झालेला आढळला. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयरोग उपचाराची दिशा बदलली. आरोग्यधामांची गरज ओसरली आणि घरी राहून औषध घेणे हीच सर्वमान्य पद्धत झाली. लाखो गरीब रुग्णांपर्यंत उपचार पोहोचण्याचा मार्ग यामुळे मोकळा झाला, हे या अभ्यासाचे फार मोठे ऋण आहे.

निष्कर्षातून निसटलेली बाब

या अभ्यासातील आहाराचे स्वतंत्र विश्लेषण १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामकारक औषधे नियमित मिळत असतील, तर रोग शांत होण्यासाठी सकस आहार ही पूर्वअट नाही, असा त्याचा आशय होता. विचारलेल्या प्रश्नाचे ते योग्य उत्तर होते. परंतु पुढील काळात त्याचा अर्थ ‘क्षयरोगात आहाराला महत्त्व नाही’ असा लावला गेला, आणि कित्येक दशके रुग्णाच्या हाती केवळ गोळ्यांची पाकिटे देण्यावर समाधान मानले गेले.

वास्तविक त्याच अभ्यासात आरोग्यधामातील रुग्णांचे वजन घरच्या रुग्णांपेक्षा अधिक वाढले होते. थुंकीतील जंतू नाहीसे होणे आणि अंगात पुन्हा कष्ट करण्याची ताकद येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अत्यंत कृश अवस्थेत आलेला रुग्ण उपचाराचे पहिले काही आठवडे तगेल का, तो पुन्हा नांगर धरू शकेल का, आणि त्याच घरात अर्धपोटी राहणारी मुले स्वतः आजारी पडतील का, या प्रश्नांची उत्तरे त्या अभ्यासाने शोधलेली नव्हती. कुपोषणाने शरीराची प्रतिकारशक्ती घटते व सुप्त जंतू डोके वर काढतात. रोग झाला की भूक मरते आणि शरीर आणखी झिजते. हे दुष्टचक्र केवळ औषधाने पूर्णपणे तुटत नाही.

तमिळनाडूची निवड-पद्धत

एप्रिल २०२२ मध्ये तमिळनाडूत ‘कासनोई इरप्पिल्ला तिट्टम’, म्हणजे क्षयरोगाने होणारे मृत्यू टाळण्याची योजना, सुरू झाली. चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे तांत्रिक साहाय्य या योजनेला आहे. रोगाचे निदान होताच प्रत्येक प्रौढ रुग्णाची तीन बाबींसाठी तपासणी केली जाते : तो अतितीव्र कुपोषित आहे का, त्याला श्वसनाचा गंभीर त्रास आहे का, आणि तो आधाराशिवाय उभा राहू शकतो का. यासाठी वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि बोटाला लावायचे ऑक्सिजन-मापक एवढी साधने पुरतात. धोक्याची लक्षणे आढळलेल्या रुग्णाची सविस्तर तपासणी करून त्याला त्वरित रुग्णालयात दाखल केले जाते.

कुपोषण मोजण्यासाठी शरीर-वस्तुमान निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. निरोगी प्रौढासाठी १८.५ ही खालची मर्यादा आहे. १६ च्या खाली तीव्र कुपोषण समजले जाते आणि १४ च्या आसपास जीविताला धोका असतो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन किमान ४७ किलो असावे. तेच ४१ किलोच्या खाली गेले, तर कुपोषण तीव्र आहे. ३६ किलोवर आले, तर अशा रुग्णाला घरी ठेवून चालत नाही. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ‘सर्वांना घरी’ हा निर्णय जितका आवश्यक होता, तितकाच आज ‘काहींना काही काळ रुग्णालयात’ हा निर्णय आवश्यक ठरला आहे.

झारखंडमधील पुरावा

आहाराचा परिणाम किती मोठा असतो, हे झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासाने दाखवून दिले. या अभ्यासात चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचाही सहभाग होता. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांतील १०,३४५ व्यक्ती यांचा त्यात समावेश होता. सर्व रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोचा शिधा देण्यात आला. त्यात तांदूळ, डाळ, दूधभुकटी व तेल होते. त्यातून दररोज सुमारे १,२०० किलोकॅलरी ऊर्जा आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळत. निम्म्या गटांतील कुटुंबीयांनाही दरडोई ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दरमहा देण्यात आली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांमध्ये नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर संसर्गजन्य प्रकारच्या क्षयरोगाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ४० किलोच्या रुग्णात ही वाढ अवघी दोन किलोची असते. तांदूळ आणि डाळ ही काही महागडी औषधे नव्हेत. ती आपल्याच शेतात पिकतात.

आजार एक, ताटे अनेक

‘भरपूर खायला द्या’ हा सल्ला हेतूने चांगला असला, तरी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला तो पुरत नाही. एकाच कक्षातील क्षयरुग्णांच्या गरजा भिन्न असतात.

अतितीव्र कुपोषित रुग्ण : अनेक आठवडे उपाशी राहिलेल्या शरीराला एकाएकी पोटभर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने घटतात आणि हृदय बंद पडण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून अशा रुग्णाला प्रथम दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा पातळ आहार, जोडीला थायमिनसारखी जीवनसत्त्वे, आणि काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढ, असा क्रम वैद्यकीय देखरेखीखाली पाळावा लागतो. नातेवाईक मायेने तुपाची खीर किंवा शिरा घेऊन येतात. सुरुवातीच्या दिवसांत ती माया घातक ठरू शकते, हे त्यांना समजावून सांगणे आवश्यक असते.

सावरत असलेला रुग्ण : येथे गरज उलट असते. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. क्षयरुग्णासाठी हे प्रमाण १.२ ते १.५ ग्रॅम धरले जाते. ऊर्जेची गरज दर किलो आदर्श वजनामागे सुमारे ४० किलोकॅलरी धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी दिवसभरात ३०० ग्रॅम धान्य, ७५ ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम शेंगदाणे, ४०० मिलिलिटर दूध, एक अंडे आणि २५ ग्रॅम तेल यांतून सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने व २,१०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जोडीला भाज्या व फळे हवीतच. अंडे न खाणाऱ्यांसाठी डाळ, दूध किंवा सोयाबीन वाढवता येते. भूक मंदावलेली असल्याने हे अन्न तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळांत विभागणे सोयीचे ठरते.

मधुमेह असलेला क्षयरुग्ण : तमिळनाडूत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना मधुमेह असल्याचे आढळले होते. अशा रुग्णाला ऊर्जा तर हवी, पण रक्तातील साखर उसळता कामा नये. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधनात, क्षयरोग नसलेल्या पण वजन जास्त असलेल्या प्रौढांना पांढऱ्या तांदळाऐवजी बिनपॉलिशचा तांदूळ दिल्यावर चोवीस तासांतील रक्तशर्करेची वाढ सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. जोडीला कडधान्य दिल्यावर ती आणखी थोडी घटली. याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासात, तांदळाला अगदी हलके पॉलिश केले तरी त्याचा शर्करा-निर्देशांक लक्षणीय वाढतो, असे दिसून आले. रुग्णाच्या पथ्याचा एक निर्णय भातगिरणीतच होऊन जातो, तो असा.

यकृतावर ताण असलेला रुग्ण : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या औषधांमुळे काही रुग्णांच्या यकृताला त्रास होतो. अशा वेळी अन्नातून येणारा कोणताही विषारी घटक टाळणे अगत्याचे ठरते. मद्य तर पूर्णतः वर्ज्यच.

मासे खाणारा रुग्ण : चेन्नई असो वा कोकण, किनारपट्टीवर मासळी हा प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे. परंतु बांगडा, कुपा यांसारखे मासे पकडल्यावर लगेच बर्फात ठेवले नाहीत, तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि शिजवूनही ते नष्ट होत नाही. आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णात हिस्टामिनचा निचरा मंदावत असल्याने चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, धडधडणे अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून रुग्णासाठी मासळी ताजी आणि बर्फात नीट राखलेलीच असावी.

शेतातून ताटापर्यंत

वरील गरजा वाचल्या की लक्षात येते, रुग्णाच्या ताटाची गुणवत्ता बऱ्याच अंशी रुग्णालयाच्या दाराबाहेर ठरते. शेतकरी बंधू-भगिनींनी पुढील बाबींकडे विशेष लक्ष द्यावे.

भुईमूग : शेंगदाणा हा ऊर्जा व प्रथिने या दोहोंचा स्वस्त आणि घट्ट साठा आहे. परंतु काढणीनंतर ओलसर राहिलेल्या शेंगांवर अस्परजिलस बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते थेट यकृतावर आघात करते आणि भाजल्याने पूर्णपणे जात नाही. म्हणून शेंगा ८ ते ९ टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवाव्यात, फुटक्या व काळपट शेंगा वेगळ्या काढाव्यात आणि पोती जमिनीपासून उंचावर कोरड्या जागी ठेवावीत. निरोगी माणसासाठीही हे आवश्यक आहेच. यकृतावर औषधांचा ताण असलेल्या रुग्णासाठी ते अनिवार्य आहे.

बाजरी : महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी आणि इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘धनशक्ती’ या वाणात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘एएचबी १२०० एफई’ हा संकरित वाणही लोहाने समृद्ध आहे. मात्र बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. ज्या रुग्णाला मुळात भूकच नाही, तो कडवट भाकरी बाजूला सारतो. त्यामुळे रुग्णालयांना किंवा वसतिगृहांना पुरवठा करणाऱ्या गटांनी ताजे दळलेले पीठच लहान पिशव्यांतून, दळल्याची तारीख छापून द्यावे.

नाचणी : शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तमिळनाडूत तिची ‘कूळ’ पितात, आपल्याकडे आंबील. तोंडाला चव नसलेल्या रुग्णाला पातळ, आंबटसर आंबील सहज घेता येते. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे पीठ पचायला हलके असते व त्याची पेज कमी पाण्यातही पातळ राहते. परिणामी प्रत्येक घोटात अधिक पोषण जाते.

कडधान्ये : धान्यात लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, तर डाळीत मेथिओनिनची. दोन्ही एकत्र आली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. भाजक्या हरभऱ्याचे, मुगाचे आणि नाचणीचे एकत्रित पीठ दुधात कालवून देणे हा रुग्णाची भूक कमी असताना उत्तम उपाय आहे. महिला बचत गटांना असे पीठ सहज तयार करता येते. मात्र त्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी, घटकांचे निश्चित प्रमाण आणि प्रत्येक खेपेला तोच दर्जा, या अटी पाळल्या पाहिजेत. आहारतज्ज्ञ ग्रॅमात हिशेब करतात. पुरवठादाराचे प्रमाण प्रत्येक वेळी बदलले, तर तो हिशेब निरर्थक ठरतो.

तांदूळ : हातसडीच्या किंवा बिनपॉलिशच्या तांदळाला मधुमेही रुग्णांच्या आहारात खरी मागणी आहे. परंतु कोंड्यातील तेलामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो. म्हणून साठवण भाताच्या रूपात करावी आणि मागणीनुसार थोडा थोडा भरडावा.

रुग्ण घरी परतल्यानंतर

रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असतो. नेहमीच्या औषधांचा उपचार सहा महिने चालतो. रुग्णालयात सावरलेले ताट घरी गेल्यावर पुन्हा रिकामे झाले, तर मिळवलेले वजनही निघून जाते. ‘निक्षय पोषण योजने’खाली क्षयरुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळत असत, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. ‘प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियाना’त ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून व्यक्ती, सहकारी संस्था वा उत्पादक कंपन्या रुग्णाला पोषण-शिधा देऊ शकतात. शेतकरी उत्पादक कंपनीने आपल्या तालुक्यातील रुग्णांसाठी स्वतःच्या डाळीचा, शेंगदाण्याचा व बाजरीचा शिधा द्यावा, यापेक्षा नैसर्गिक सहकार्य कोणते असू शकेल?

परसबागेचे महत्त्वही येथे येते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९८८ मध्ये चेन्नई येथे स्थापन केलेल्या संशोधन प्रतिष्ठानाने आपल्या वर्धा जिल्ह्यातील गावांत ‘पोषणासाठी शेती’ ही पद्धत राबवून पाहिली. पीकरचनेत कडधान्ये व भरडधान्ये वाढवणे आणि जोडीला पोषणबागा लावणे, असा तिचा आशय होता. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात घरच्या ताटासाठीही काही गुंठे राखून ठेवावेत, हा विचार क्षयरुग्णाच्या घरात तर जीवनरक्षक ठरतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या नेहमीच्या कामात पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत :

- गावभेटीत दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला, सायंकाळचा ताप किंवा घटते वजन असलेली व्यक्ती आढळल्यास आशा कार्यकर्तीस कळवावे.
- क्षयरुग्ण असलेल्या कुटुंबाला कडधान्य मिनीकिट, भाजीपाला बियाणे आणि कुक्कुटपालनाच्या योजनांत प्राधान्याने सामावून घ्यावे.
- रुग्णाचे वजन पहिल्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला नोंदले जाते का, याची कुटुंबाकडे विचारपूस करावी. वजन घटत असल्यास त्वरित आरोग्य केंद्रात पाठवावे.
- रुग्णाची माहिती गोपनीय ठेवावी. गावातील चर्चेच्या भीतीने अनेक कुटुंबे आजारच नव्हे, तर मिळणारा शिधाही लपवतात.
- केवळ रुग्णापुरता नव्हे, तर संपूर्ण घराच्या आहाराचा विचार करावा. घरात अन्न तोकडे असेल, तर रुग्णाचा शिधा लेकरांच्या ताटात जाणे स्वाभाविक आहे आणि तसे करणाऱ्या आईला दोष देता येत नाही.

मद्रासच्या अभ्यासाने गरीब रुग्णाला त्याच्या घरी औषध मिळवून दिले. त्याच घरी पुरेसे अन्नही पोहोचवणे, हे त्या कामाचे उरलेले अर्धे अंग आहे. ते पूर्ण करण्यासाठी नवे यंत्र वा नवा शोध लागणार नाही. वाळवलेली शेंग, ताजे पीठ, स्वच्छ डाळ आणि वेळेवर घेतलेले वजन एवढ्या गोष्टी लागतील. आणि त्यांतील बहुतेक आपल्या शिवारातच उपलब्ध आहेत.